दोन भाषांचा संसार
कॅनडाच्या राजकारणाविषयी चार गोष्टी

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या वाचनालयात सायंकाळी वृत्तपत्रांच्या मेजाभोवती जी मंडळी जमतात, त्यांच्या बोलण्यात अलीकडे कॅनडाचे नाव वारंवार येऊ लागले आहे. कोणाचा मुलगा टोरोंटोस नोकरीला आहे, कोणाची नात तिकडे शिकावयास गेली आहे. २०२३ साली त्या देशाचे व आपल्या देशाचे वितुष्ट आले, तेव्हा या मंडळींनी व्हिसाच्या चिंतेत कित्येक रात्री काढल्या. २०२५ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी कॅनडास आपले एक्कावन्नावे राज्य म्हणून हिणविले, तेव्हा याच मेजाभोवती संतापाचे उद्गार निघाले. अशाच एका सायंकाळी एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस प्रश्न केला, “एवढा अफाट मुलूख, माणसे अवघी चार कोटींच्या आसपास, पाणी आहे, गहू आहे, तेल आहे. मग या लोकांची आपसांत भांडणे तरी कशावरून व्हावीत?”

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते. भाषेवरून. परंतु एका शब्दाच्या उत्तराने समाधान होत नाही, आणि विशेषतः या गावात तर ते होऊच नये. म्हणून आज आम्ही त्या उत्तराचा थोडा विस्तार करणार आहोत.

कॅनडाचा राजकीय संसार थाटला गेला तो विजेता आणि पराभूत यांच्यात. सेंट लॉरेन्स नदीच्या काठी फ्रेंचांनी दीडशे वर्षे वसाहत केली होती. १७५९ साली क्वेबेक नगराबाहेरच्या पठारावर इंग्रजांनी त्यांचा पराभव केला आणि १७६३ च्या पॅरिसच्या तहाने तो प्रांत इंग्लंडकडे गेला. राजा बदलला, पण शेतकरी, भटजीच्या जागी असलेले त्यांचे पाद्री आणि त्यांच्या घरातील बोली बदलली नाही. इंग्रज मुत्सद्द्यांनी १७७४ च्या क्वेबेक कायद्याने त्यांचा कॅथलिक धर्म आणि दिवाणी कायदा चालू ठेवला. दक्षिणेकडील वसाहती बंडाच्या उंबरठ्यावर असताना उत्तरेकडे नवे शत्रू निर्माण करणे शहाणपणाचे नव्हते, हे त्यांस कळत होते.

पुढे १८३७-३८ मध्ये दोन्ही प्रांतांत उठाव झाले. चौकशीसाठी आलेल्या लॉर्ड डरहॅम यांनी १८३९ साली अहवाल दिला. हे गृहस्थ इंग्लंडातील उदारमतवादी. त्यांनी वसाहतींना जबाबदार राज्यपद्धती द्यावी अशी शिफारस केली, आणि त्याच अहवालात फ्रेंच लोकांना इंग्रजांत विरघळवून टाकावे अशीही केली. उदारमतवाद भाषेच्या वेशीपाशी येऊन कसा थबकतो, याचे हे जुने उदाहरण होय. दोन प्रांत एकत्र करण्यात आले आणि विधिमंडळाच्या दप्तरातून फ्रेंच भाषा उठविण्यात आली. पण ती लोकांच्या जिभेवरून उठेना. अवघ्या आठ-नऊ वर्षांत, १८४८ साली, तो निर्बंध मागे घ्यावा लागला.

१ जुलै १८६७ रोजी ऑन्टारिओ, क्वेबेक, न्यू ब्रन्स्विक आणि नोव्हा स्कोशिया या चार प्रांतांचे संघराज्य झाले. त्याच्या घटनेच्या १३३ व्या कलमाने मध्यवर्ती संसदेत आणि क्वेबेकच्या विधिमंडळात व न्यायालयांत दोन्ही भाषांस स्थान दिले. क्वेबेकमध्ये इंग्रज अल्पसंख्य होते, म्हणून त्यांच्या भाषेस तेथे संरक्षण मिळाले. ऑन्टारिओतील फ्रेंच अल्पसंख्यांस मात्र तसे संरक्षण मिळाले नाही. तराजूचे एक पारडे प्रथमपासूनच वर राहिले.

आता वचनांची आणि वचनभंगांची कथा ऐका. १८७० साली पश्चिमेकडे मॅनिटोबा हा नवा प्रांत झाला. तेथील फ्रेंच बोलणारे मेटी लोक, म्हणजे फ्रेंच आणि आदिवासी यांच्या संबंधांतून जन्मलेला समाज, लुई रिएल याच्या नेतृत्वाखाली आपल्या हक्कांसाठी उभे राहिले होते. त्यांच्या चळवळीमुळेच त्या प्रांताच्या कायद्यात फ्रेंच व इंग्रजी या दोन्ही भाषा विधिमंडळात व न्यायालयात चालतील असे लिहिले गेले. पुढे १८८५ साली रिएलला फाशी देण्यात आले. तोपर्यंत पूर्वेकडून इंग्रजी बोलणाऱ्यांचे लोंढे आले होते आणि फ्रेंच भाषिक अल्पसंख्य झाले होते. १८९० साली मॅनिटोबाच्या विधिमंडळाने साध्या बहुमताने ठराव केला की, यापुढे कारभार इंग्रजीतच होईल. मूळ कायद्यात दिलेला शब्द प्रांताला स्वतःच्या अधिकारात मोडता येतो काय? स्थानिक न्यायाधीशांनी १८९२ साली आणि पुन्हा १९०९ साली सांगितले की, नाही, येत नाही. सरकारने ते निकाल ऐकलेच नाहीत असे समजून कारभार पुढे चालू ठेवला. न्यायाधीश निकाल देतात, आणि निकालाचा कागद दप्तरात पिवळा पडत जातो, ही स्थिती आपणांपैकी अनेकांस परकी वाटणार नाही.

ऑन्टारिओतही तेच घडले. १९१२ साली ‘नियम सतरा’ या नावाने कुप्रसिद्ध झालेला हुकूम निघाला. प्राथमिक शाळेच्या पहिल्या दोन वर्षांनंतर फ्रेंच ही शिक्षणाची भाषा राहणार नाही, असा त्याचा आशय. ओटावा शहरातील गीग शाळेत बेआत्रिस आणि डियान देलोझ या दोन शिक्षिका भगिनींनी तो हुकूम मानला नाही. त्यांना काढण्यात आले, तरी त्या शिकवीत राहिल्या. जानेवारी १९१६ मध्ये त्यांना शाळेतून हुसकावण्याचा प्रयत्न होताच मुलांच्या आया शाळेच्या दारांशी पहारा देऊन उभ्या राहिल्या. त्या काळच्या स्त्रिया टोपी केसांत अडकविण्यासाठी लांब टाचण्या वापरीत. त्याच टाचण्या हाती घेऊन या माउल्यांनी पोलिसांस अडविले. इतिहासात हा प्रसंग ‘टोपीच्या टाचण्यांची लढाई’ म्हणून नोंदला गेला आहे. १९२७ साली तो हुकूम सरकारने व्यवहारात सोडून दिला. राजधानीच्या शहरात, संसदेच्या इमारतीपासून थोड्याच अंतरावर, आपल्या मुलाने आपल्या भाषेत अक्षरे गिरवावीत एवढ्यासाठी आयांना दाराशी उभे राहावे लागले, हे त्या सुखवस्तू देशाच्या चरित्रातील एक पान आहे. ते पान ज्यांनी वाचले नाही, त्यांस तेथील पुढचे राजकारण समजणार नाही.

मॅनिटोबाची कथा मात्र अपुरी राहिली होती. ती पूर्ण केली एका मोटारीच्या पावतीने. १९७६ साली विनिपेग शहराच्या सेंट बोनिफेस या फ्रेंच वस्तीतील जॉर्ज फॉरेस्ट नावाच्या नागरिकास गाडी भलत्या जागी उभी केल्याबद्दल दंडाची पावती मिळाली. ती केवळ इंग्रजीत होती. दंड किरकोळ होता, भरून मोकळे होणे सोपे होते. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तसेच सुचविले असेल. फॉरेस्ट यांनी न्यायालयात जाऊन विचारले की, ज्या १८९० च्या कायद्याच्या आधारे माझी भाषा उठविली, तो कायदा मुळात वैध होता काय? तीन वर्षांनी, १३ डिसेंबर १९७९ रोजी, कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले की, तो वैध नव्हता. १९८५ साली त्याच न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले. १८९० पासून केवळ इंग्रजीत केलेले मॅनिटोबाचे कायदे अवैध आहेत. परंतु प्रांत बिनकायद्याचा राहू नये म्हणून त्यांचे फ्रेंच भाषांतर होईपर्यंत ते तात्पुरते चालू राहतील, असा निर्णय झाला. पंचाण्णव वर्षांचा अन्याय एका पावतीने उकरून काढला.

पण त्याच १३ डिसेंबर १९७९ रोजी त्याच न्यायासनाने आणखी एक निकाल दिला, आणि आमच्या मते त्या दिवसाचे खरे मोल त्यातच आहे. क्वेबेक प्रांताने १९७७ साली विधिमंडळाची आणि न्यायालयांची भाषा केवळ फ्रेंच केली होती. तीही तरतूद १३३ व्या कलमाशी विसंगत म्हणून न्यायालयाने रद्द ठरविली. एका प्रांतात फ्रेंच दुबळे होते, दुसऱ्या प्रांतात इंग्रज थोडे होते. न्यायाने दोघांस एकाच मापाने मोजले. भाषिक न्यायाची कसोटी हीच असते. आपण जेथे थोडे आहो तेथे जे मागतो, ते आपण जेथे पुष्कळ आहो तेथे दुसऱ्यास देतो काय?

आता क्वेबेकविषयी. या प्रांतात फ्रेंच बोलणाऱ्यांचे प्रचंड बहुमत. तरी १९६० पर्यंत माँट्रियलच्या पेढ्यांत, कारखान्यांत आणि मोठ्या दुकानांत सत्ता इंग्रजीची. आपल्याच गावात बढती हवी असेल तर परभाषेत साहेबाशी बोलावे लागे. १९६० साली झां लेसाज यांचे सरकार आले आणि शिक्षण, वीज, आरोग्य ही क्षेत्रे धर्मसंस्थेच्या व परक्या भांडवलाच्या हातून लोकशासनाकडे आली. या स्थित्यंतरास ‘शांत क्रांती’ म्हणतात. मध्यवर्ती सरकारने १९६३ साली द्विभाषिकतेविषयी आयोग नेमला, आणि १९६९ साली राजभाषा कायदा झाला. त्याने केंद्राच्या कारभारात दोन्ही भाषा समान ठरविल्या आणि एक भाषा आयुक्त नेमला. हा आयुक्त मंत्रिमंडळाचा नोकर नव्हे. तो संसदेस उत्तरदायी आहे, आणि टपाल कचेरीतील खिडकीवर आपल्या भाषेत उत्तर मिळाले नाही तर सामान्य नागरिक त्याच्याकडे दाद मागतो. त्याच वर्षी न्यू ब्रन्स्विक प्रांताने आपण होऊन दोन्ही भाषा राजभाषा केल्या. तेथील फ्रेंच भाषिक अकेडियन लोकांच्या पूर्वजांना इंग्रजांनी १७५५ पासून हजारोंच्या संख्येने घरादारांतून हुसकावून जहाजांवर घातले होते. त्यांचेच वंशज लुई रोबिशो हे त्या प्रांताचे पंतप्रधान असताना हा कायदा झाला. इतिहास क्वचित असाही फिरतो.

परंतु अर्धशतकाचा विलंब झाला की सवलतींनी समाधान होत नाही. ऑक्टोबर १९७० मध्ये क्वेबेकमधील एका सशस्त्र गटाने एका ब्रिटिश व्यापारी अधिकाऱ्यास पळविले आणि प्रांताचे मंत्री पिएर लापोर्ट यांचा खून केला. पंतप्रधान पिएर त्रुदो यांनी युद्धकालीन कायदा पुकारला, सैन्य रस्त्यावर आले, शेकडो लोक खटल्याविना अटकेत गेले. लोकांनी त्या खुनाची किळस केली आणि त्या अटकांचीही. यानंतर क्वेबेकच्या स्वातंत्र्यवाद्यांनी पिस्तुलाचा मार्ग सोडला आणि मतपेटीचा धरला, ही कॅनडाच्या राजकारणातील सर्वांत मोलाची घटना होय.

१९७६ साली रेने लेवेक यांचा पक्ष निवडून आला. १९७७ च्या फ्रेंच भाषेच्या सनदेने कारखान्याची, दुकानाच्या पाटीची आणि बाहेरून येणाऱ्यांच्या मुलांच्या शाळेची भाषा फ्रेंच केली. तिच्यामुळे फ्रेंच कामगारास आपल्याच गावात मान वर करता आली, हे खरे. पाटीवर दुसऱ्या भाषेस मज्जाव केल्याने तेथील जुन्या इंग्रज रहिवाशांस आपण उपरे ठरलो असे वाटले, हेही खरे. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मज्जाव अवैध ठरविला. तंटा बराच चिघळून अखेर १९९३ मध्ये फ्रेंच ठळक ठेवून अन्य भाषेसही जागा देणारा तोडगा निघाला. २०२२ साली क्वेबेकने ९६ क्रमांकाच्या कायद्याने पुन्हा निर्बंध कडक केले आणि वाद नव्याने पेटला. कालपर्यंत जो अल्पसंख्य म्हणून रडला, तो सत्ता हाती येताच दुसऱ्या अल्पसंख्याशी कसा वागतो, यावर त्याच्या कालच्या रडण्याची किंमत ठरते.

क्वेबेकने स्वतंत्र व्हावे काय, यावर दोनदा सार्वमत झाले. २० मे १९८० रोजी शेकडा साठांच्या जवळपास मतदारांनी ‘नाही’ म्हटले. ३० ऑक्टोबर १९९५ रोजी दुसरे सार्वमत झाले, तेव्हा शेकडा त्र्याण्णवांहून अधिक लोक मतदानास आले. ‘नाही’ च्या बाजूस ५०.५८ टक्के, ‘होय’ च्या बाजूस ४९.४२ टक्के. चोपन्न हजारांच्या फरकाने एक देश एकसंध राहिला. बाद ठरलेल्या मतपत्रिकांची संख्या या फरकाहून मोठी होती! एवढ्या अटीतटीच्या मतदानानंतर पराभूत पक्षाने निकाल मान्य केला, लोक घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाले. पराभवाच्या रात्री प्रांताचे पंतप्रधान जाक पारिझो यांनी पैसा आणि परवंशीय मते यांवर खापर फोडले, तेव्हा त्यांच्याच अनुयायांस ते आवडले नाही, आणि लगेच त्यांनी पद सोडण्याचे जाहीर केले.

पुढे १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने जो अभिप्राय दिला, तो संघराज्याच्या प्रत्येक अभ्यासकाने वाचावा. एखाद्या प्रांतास एकतर्फी फुटून निघण्याचा अधिकार नाही, हे न्यायालयाने सांगितले. परंतु स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमताने लोकांनी इच्छा प्रकट केली तर उरलेल्या देशास कानावर हात ठेवता येणार नाही, वाटाघाटीस बसणे हे त्याचे कर्तव्य ठरेल, हेही सांगितले. २००० साली संसदेने त्यानुसार कायदा केला. एका बाजूस फुटीरतेला लगाम आणि दुसऱ्या बाजूस बधिरतेला लगाम, असा हा दुहेरी लगाम आहे. लोकांनी मागितले म्हणजे मिळालेच पाहिजे असे न्यायालय म्हणत नाही. लोकांनी मागितले म्हणजे ऐकलेच पाहिजे, असे म्हणते.

विलीनीकरणाचीही एक कथा त्या देशात आहे, ती आपणांस मुद्दाम सांगतो. अटलांटिकच्या तोंडावरील न्यू फाउंडलंड हे बेट १८६७ च्या संघराज्यात सामील झाले नव्हते. ते स्वतंत्र डोमिनियन होते. मंदीच्या काळात कर्जाखाली दबून १९३४ साली त्याने स्वराज्य गमावले, आणि लंडनने नेमलेले मंडळ तेथे राज्य करू लागले. महायुद्धानंतर भवितव्य ठरविण्यासाठी लोकनियुक्त परिषद बसली. कॅनडात विलीन होण्याचा पर्याय लोकांपुढे ठेवूच नये, असा ठराव या परिषदेने २९ विरुद्ध १६ मतांनी केला. जोई स्मॉलवुड या वृत्तपत्री व नभोवाणीवरील माणसाने गावोगाव साद घातली. सुमारे पन्नास हजार लोकांच्या नावांनी मागणी गेली, आणि ब्रिटिश सरकारने तो पर्याय मतपत्रिकेवर घातला. जून १९४८ च्या पहिल्या फेरीत कोणासच बहुमत मिळाले नाही आणि विलीनीकरण दुसऱ्या क्रमांकावर राहिले. २२ जुलैच्या दुसऱ्या फेरीत ५२.३ विरुद्ध ४७.७ टक्के असा कौल विलीनीकरणास मिळाला. ३१ मार्च १९४९ च्या मध्यरात्रीपूर्वी ते बेट कॅनडाचा दहावा प्रांत झाले. राजधानीतील काही घरांवर काळी फडकी लागली होती. कोळ्यांच्या वाड्यांत मात्र बालकभत्ता आणि वृद्धांचे वेतन मिळणार म्हणून आनंद होता. मोजके पुढारी जो प्रश्न लोकांपुढे जाऊच नये म्हणत होते, तो लोकांपुढे गेला, आणि निकाल लोकांनी दिला.

याच प्रांताचा क्वेबेकशी सीमेचा तंटाही आहे. लॅब्रॅडोर कोणाचा, हा प्रश्न लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला आणि १९२७ साली नद्यांच्या पाणलोटाच्या रेषेवरून सीमा ठरून निकाल न्यू फाउंडलंडच्या बाजूने लागला. क्वेबेकने ती रेषा मनापासून कधी मानली नाही. पुढे लॅब्रॅडोरमधील चर्चिल फॉल्स येथे प्रचंड वीजकेंद्र झाले. वीज बाजारात न्यावयाची तर क्वेबेकच्या भूमीवरून न्यावी लागे. १९६९ च्या कराराने ती वीज २०४१ पर्यंत कवडीमोल दराने क्वेबेकला बांधली गेली. रेषा जिंकली, पण पाण्याची मिळकत शेजाऱ्याकडे गेली, ही सल त्या प्रांतात दोन पिढ्या राहिली. डिसेंबर २०२४ मध्ये दर वाढवून देणारा नवा प्राथमिक समझोता झाला. नकाशावरची रेषा न्यायालय ठरविते, पण त्या रेषेवर राहणाऱ्यांचे पोट कोण ठरवितो, हा प्रश्न तिच्या पाठोपाठ येतोच.

येथवर आम्ही दोन भाषांविषयी बोललो. पण त्या भूमीवर या दोघांच्या आधी पुष्कळ भाषा नांदत होत्या. इंग्रज आणि फ्रेंच आपसांत हिशेब करीत बसले, आणि ज्यांची ती जमीन, त्यांस दोघांनीही हिशेबात धरले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सुमारे दीड लाख आदिवासी मुले आईबापांपासून तोडून निवासी शाळांत घातली गेली. मातृभाषेतील शब्द तोंडातून निघाला तर शिक्षा होई. हजारो मुले परत आलीच नाहीत. २००८ साली पंतप्रधानांनी संसदेत क्षमा मागितली, २०१५ साली सत्यशोधक आयोगाने अहवाल दिला, २०१९ साली आदिवासी भाषांचा कायदा झाला. १९९९ साली नुनावुत हा इनुइट बहुसंख्येचा स्वतंत्र प्रदेश झाला आणि तेथील शासनात इनुइट भाषेस स्थान मिळाले. औषध उशिरा आले. रोगी त्यामुळे बरा होतो की नाही हे पुढील पिढी सांगेल.

आपल्या माणसांनाही त्या देशाने प्रथम दाराबाहेरच ठेवले होते. हिंदुस्थानातून एका सलग प्रवासात येणाऱ्यासच प्रवेश, असा नियम १९०८ साली झाला. अशी सलग जाणारी बोट तर उपलब्धच नव्हती! २३ मे १९१४ रोजी ‘कोमागाटा मारू’ हे जहाज ३७६ प्रवाशांसह व्हँकुव्हरला पोहोचले. दोन महिने ते बंदरात तिष्ठत राहिले. थोड्यांना उतरू दिले, बाकीच्यांना परत धाडले, आणि कलकत्त्याजवळ बजबज येथे त्यांचे स्वागत इंग्रजांच्या गोळ्यांनी झाले. ब्रिटिश कोलंबियातील हिंदी लोकांस मताचा हक्क १९४७ साली मिळाला. या प्रसंगाबद्दल २०१६ साली कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत क्षमा मागितली.

जागतिक राजकारणात मात्र स्वतंत्र भारत आणि कॅनडा यांचा आरंभ मैत्रीने झाला. १९५४ साली हिंदीचीनच्या युद्धविरामावर देखरेख करण्यासाठी जो आयोग नेमला गेला, त्यात भारत अध्यक्ष, आणि कॅनडा व पोलंड सदस्य होते. १९५६ च्या सुएझ प्रकरणात इंग्लंड आपले मातृराष्ट्र असूनही कॅनडाने त्याची री ओढली नाही. परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअर्सन यांनी संयुक्त राष्ट्रांची सेना मध्ये उभी करण्याची योजना मांडली. १९५७ साली त्यांस शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या सेनेत भारतीय जवान होते, आणि १९५९ पासून काही वर्षे तिचे सेनापतिपद भारताचे जनरल ग्यानी यांच्याकडे होते. ईजिप्तने त्या वेळी कॅनडाच्या पलटणीवर हरकत घेतली, कारण तिचे नाव, गणवेश आणि निशाण ब्रिटिशांसारखेच होते. आपण वेगळे आहो हे जगास दिसावयाचे तर आपले निशाणही वेगळे हवे, ही जाणीव त्यातून तीव्र झाली, आणि पिअर्सन पंतप्रधान असताना १५ फेब्रुवारी १९६५ रोजी मेपलच्या पानाचा ध्वज फडकला.

मुंबईजवळ तुर्भे येथील ‘सायरस’ ही अणुभट्टी कॅनडाच्याच साहाय्याने उभी राहिली आणि १९६० साली सुरू झाली. १९७४ साली पोखरणचा स्फोट झाला. त्यासाठी लागलेले प्लुटोनियम तिच्यातून आले म्हणून कॅनडाने अणुसहकार्य तोडले. ते जुळण्यास २०१० चा करार यावा लागला. दुसरा घाव २३ जून १९८५ चा. एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान बाँबस्फोटाने अटलांटिकवर कोसळले आणि ३२९ माणसे गेली. त्यांतील बहुसंख्य भारतीय वंशाचे कॅनडाचे नागरिक होते. तरी तो आपला शोक आहे असे वाटावयास त्या देशास फार वर्षे लागली. २०१० च्या चौकशी अहवालाने सरकारी यंत्रणांचा हलगर्जीपणा उघड केला. सप्टेंबर २०२३ मध्ये पंतप्रधान जस्टिन त्रुदो यांनी एका खलिस्तानवाद्याच्या हत्येत भारताचा हात असल्याचा आरोप केला, भारताने तो साफ नाकारला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांचे राजदूत घालविले. जून २०२५ मध्ये कॅनडातील सात राष्ट्रांच्या परिषदेस भारताचे पंतप्रधान गेले आणि तुटलेला धागा पुन्हा बांधण्याचे ठरले.

२०२५ सालानेच त्या देशाची आणखी एक परीक्षा घेतली. कॅनडाच्या निर्यातीपैकी सुमारे तीन चतुर्थांश माल अमेरिकेत जातो. हत्तीशेजारी झोपणाऱ्याने हत्तीच्या प्रत्येक हालचालीकडे लक्ष ठेवावे लागते, या अर्थाचे उद्गार पिएर त्रुदो यांनी १९६९ साली वॉशिंग्टनमध्ये काढले होते. २०२५ मध्ये हत्तीने कूस बदलली. जकातीचे हत्यार निघाले आणि विलीनीकरणाची भाषा निघाली. येथे आम्ही आपणांस एक गोष्ट ध्यानात धरण्याची विनंती करतो. न्यू फाउंडलंडचे विलीनीकरण आणि हे विलीनीकरण यांस एकच शब्द लावणे हा शब्दाचा अपमान आहे. एक लोकांनी मागितले होते. दुसरे शेजाऱ्याने लादावयाचे म्हटले होते. २८ एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत मार्क कार्नी यांचा पक्ष पुन्हा सत्तेवर आला, आणि ज्या क्वेबेकने तीस वर्षांपूर्वी जवळजवळ अर्ध्या मतांनी बाहेर पडण्याचे म्हटले होते, त्या क्वेबेकमध्ये स्वातंत्र्यवाद्यांच्या जागा घटल्या. का घटल्या? ज्या घरात आपली भाषा राहू शकते, ते घर राखावेसे वाटते. क्वेबेकची भाषा कॅनडात तगली. अमेरिकेत लुइझियानाची फ्रेंच क्षीण झाली, हे तेथील शेतकऱ्यासही ठाऊक आहे.

आता समारोप. कॅनडाचे अनुकरण करा असे सांगण्यास आम्ही उभे राहिलो नाही. त्याची भूमी वेगळी, त्याचा इतिहास वेगळा, आणि तेथे दोन भाषांचा प्रश्न आहे तर येथे अनेकांचा. तरी एक तुलना टाळता येत नाही. १९५६ साली आपल्या घटनेत ३५० अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा राज्याने प्रयत्न करावा, असे ते सांगते. कॅनडाच्या १९८२ च्या सनदेचे २३ वे कलम पाहा. तेथे तो राज्याचा प्रयत्न नाही, आईबापांचा हक्क आहे. संख्या पुरेशी असेल तेथे शाळा मिळाली पाहिजे, आणि १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, त्या शाळेचा कारभारही त्याच भाषिक समाजाच्या हाती असला पाहिजे. ‘प्रयत्न करावा’ आणि ‘हक्क आहे’ या दोन वाक्यप्रयोगांत किती अंतर आहे, हे या सभागृहातील आईबापांस आम्ही सांगावयास नको.

परंतु लक्षात ठेवा, २३ वे कलम आकाशातून पडले नाही. त्याच्या मागे १९१६ च्या त्या शाळेच्या दाराशी उभ्या राहिलेल्या आया आहेत, आणि दंड भरून मोकळा न झालेला एक नागरिक आहे. त्यांनी कोणाची भाषा हिसकावली नाही, आपली सोडली नाही, एवढेच. ज्या वृद्ध गृहस्थांनी आम्हांस तो प्रश्न केला, ते समोरच बसले आहेत. त्यांस आमचे उत्तर असे की, महाराज, गहू, पाणी आणि तेल पुरून उरले तरी माणसास हाक मारण्यासाठी शब्द लागतो, आणि तो आपल्या आईने दिलेलाच लागतो. त्यावरून होणारे भांडण क्षुद्र नव्हे. ते सभ्यतेने चालविणे मात्र आपल्या हाती असते.